आजारपणाचे महिने कोण भरून देणार?

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं क्रिटिकल इलनेस पॉलिसीचं, म्हणजे गंभीर आजारांवरच्या विम्याचं, माहितीपत्रक नीट वाचलं. पहिल्या पानावर चाळीस आजारांची यादी, मधे एक हसरं कुटुंब आणि शेवटी बारीक अक्षरात अटी. तुझ्या घराला महिन्याकाठी किती लागतात आणि पगार थांबला तर किती महिने निभेल, हे मात्र त्यात कुठेच विचारलेलं नाही. माझ्या मते सगळा निर्णय त्या प्रश्नावर आहे. म्हणून ‘क्रिटिकल इलनेस घेऊ का’ याचं हो-नाही असं उत्तर फोनवर न देता लिहायला बसले. इतकी वर्षं क्लेमच्या फायली चाळल्यामुळे मला या पॉलिसीबद्दल राग नाही आणि फार प्रेमही नाही. वेळेवर चेक मिळाल्यामुळे सावरलेली घरं मी पाहिली आहेत, आणि ‘आजार तर यादीत होता, मग पैसे का नाहीत?’ असं विचारत टेबलासमोर बसलेली माणसंही.

आधी एक घोळ मिटवू. हा मेडिक्लेमचा वाढीव प्रकार नाही. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल बघतो. बिल किती झालं, त्यातलं किती मंजूर, तेवढं देतो. क्रिटिकल इलनेस पॉलिसीला बिलाशी काही देणंघेणं नसतं. यादीतला आजार, पॉलिसीत लिहिलेल्या व्याख्येप्रमाणे झाला, की ठरलेली सगळी रक्कम एकदम हातात. त्यातून घराचा हप्ता भर, मुलीची फी भर, नाहीतर वर्षभर काही न करता घरी बस, कंपनी विचारायला येत नाही. बिल मेडिक्लेमने आधीच भरलं असलं तरी ही रक्कम वेगळी मिळते. म्हणूनच मेडिक्लेम नसताना ही पॉलिसी घेणं मला उलटं वाटतं. आधी पुरेसा आरोग्य विमा, मग साधा टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना पैसे देणारा विमा, आणि मग हिचा विचार. तुझ्याकडे पहिल्या दोन्ही आहेत, म्हणून तर पुढचं लिहितेय.

ही कल्पना मुळात विमा कंपनीच्या माणसाची नव्हे, एका सर्जनची आहे, हे मला फार आवडतं. डॉ. मारियस बर्नार्ड. १९६७ साली केपटाउनला माणसाच्या हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण झालं ना, ते करणाऱ्या ख्रिस्तियान बर्नार्डांचे हे धाकटे भाऊ, आणि त्या शस्त्रक्रियेच्या चमूतही होते. आपण ज्यांना वाचवतो ते पेशंट पुढे पैशांअभावी खचतात, हे त्यांनी वारंवार पाहिलं. ऑपरेशन नीट झालेला माणूस घर चालवायला लवकर कामावर जातो आणि ढासळतो. आयुर्विमा मेल्यावर पैसे देतो, पण वाचलेल्याचं काय, हा त्यांचा सवाल होता. त्यांच्या पुढाकाराने १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत अशी पहिली पॉलिसी निघाली. त्यात चारच गोष्टी होत्या: हार्ट अटॅक, कॅन्सर, पक्षाघात आणि बायपास. तुझ्या माहितीपत्रकात चाळीस आहेत. तरी आजही जगभरातले बहुतेक क्लेम कॅन्सर, हृदय आणि पक्षाघात यांचेच असतात. तेव्हा एकीत चाळीस आणि दुसरीत साठ म्हणून दुसरी सरस, या हिशेबात पडू नकोस. मागची नावं इतकी दुर्मीळ असतात की त्यांनी यादी लांबते, भरवसा वाढत नाही.

बिलात न दिसणारा खर्च किती असतो, हे आजारपण घरात आल्याशिवाय कळत नाही. कीमो बऱ्याचदा तीन-तीन आठवड्यांच्या फेऱ्यांमध्ये देतात. एक दिवस औषध चढवायचं, नंतरचे काही दिवस अन्नावर वासना नाही, मग जरा तरतरी येते तोवर पुढची तारीख. असं महिनोन् महिने. रेडिएशन असेल तर आठवड्यातले पाच दिवस रोज जायचं. उपचार काही मिनिटांचे, पण जाणं-येणं आणि थांबणं धरून अर्धा दिवस गेला. सोबत कुणीतरी हवंच, म्हणजे दुसऱ्याचीही रजा. पेशंटचा पगार बंद आणि सोबत्याचा अर्धा कापलेला, ही स्थिती कुठल्याच बिलावर छापून येत नाही. या पॉलिसीचं काम हे महिने भरून काढणं. उपचारांचा खर्च भागवण्यासाठी ती घेतलीस तर चुकीच्या कारणासाठी घेतलीस.

आता खरी मेख. ही पॉलिसी त्रास किती झाला हे पाहून पैसे देत नाही, व्याख्येत बसलं का ते पाहून देते. हृदयाचंच घे. फाइल उघडली की आम्ही तीन गोष्टी शोधायचो: छातीतल्या दुखण्याची नोंद, ईसीजीमध्ये नव्याने झालेले बदल, आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन नावाचं प्रथिन किंवा तसं एखादं एन्झाइम वाढल्याचा रिपोर्ट. तिन्ही जुळले तर हार्ट अटॅक. एका गृहस्थांची फाइल अजून डोळ्यांसमोर आहे. जिना चढताना छाती भरून यायची. तपासणीत रक्तवाहिनी जवळजवळ बंद निघाली, त्याच दिवशी ती उघडी ठेवायला स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, घातला. घरचे पार हादरलेले, नातेवाइकांमध्ये ‘अटॅक आला’ असंच सांगितलं गेलं. पण ईसीजीत बदल नव्हता आणि ट्रोपोनिन नॉर्मल होतं. स्नायूला इजा व्हायच्या आधीच डॉक्टरांनी वाट मोकळी केली होती. वैद्यकदृष्ट्या उत्तम काम. पॉलिसीच्या भाषेत मात्र तो अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून होणारं छातीचं दुखणं, आणि त्या पॉलिसीत अँजिओप्लास्टी, म्हणजे अशी रक्तवाहिनी आतून मोकळी करणं, धरलेली नव्हती. क्लेम नामंजूर झाला. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही, पण पॉलिसी विकताना त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं, एवढं नक्की.

कॅन्सरचंही असंच. पेशी आजूबाजूच्या ऊतींमध्ये घुसलेल्या असल्या आणि बायोप्सीत तसं स्पष्ट लिहिलं असलं, तरच तो या पॉलिसीचा कॅन्सर. जागच्या जागी असलेला, ज्याला डॉक्टर ‘इन सिटू’ किंवा स्टेज शून्य म्हणतात, तो सहसा बाहेर. मेलानोमा हा त्वचेचा घातक प्रकार सोडून त्वचेचे बरेचसे कॅन्सर बाहेर, प्रोस्टेटचा सुरुवातीचा बाहेर, थायरॉइडची अगदी छोटी गाठ बाहेर. काही पॉलिसी अशा सुरुवातीच्या टप्प्याला रकमेचा काही भाग देतात. दोन पॉलिसींमध्ये डावं-उजवं करायचं तर मी आजारांच्या संख्येऐवजी हा मुद्दा बघेन.

पक्षाघातात आणखी एक वळण असतं. काही तासांत ओसरणारा झटका धरत नाहीत, आणि खऱ्या झटक्यातही कायमची उणीव राहिल्याचा पुरावा साधारण तीन महिन्यांनी मागतात. म्हणजे पहिले तीन महिने, जेव्हा घर सगळ्यात जास्त गोंधळलेलं असतं, तेव्हा या पॉलिसीतून काहीच येणार नाही. मूत्रपिंडाचंही तसंच. रक्ततपासणीत क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे मूत्रपिंडं कमी काम करताहेत असं दिसलं, म्हणून नव्हे, तर दोन्ही मूत्रपिंडं कायमची निकामी होऊन नियमित डायलिसिस सुरू झालं किंवा प्रत्यारोपण करावं लागलं, की मग.

कंपन्या इतक्या चिकट का, असं तुला वाटेल. थोडं त्यांच्या बाजूनेही सांगते. वैद्यक पुढे गेलं की आजाराची सीमारेषाच सरकते. २००० साली युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी हार्ट अटॅकची नवी व्याख्या केली, तिचा मुख्य आधार ट्रोपोनिन. पूर्वी जे दुखणं अटॅक म्हणून नोंदलं गेलं नसतं, ते आता पकडलं जाऊ लागलं. थायरॉइडची गोष्ट तर याहून नवलाची. दक्षिण कोरियात लोक मोठ्या प्रमाणात गळ्याची सोनोग्राफी करून घेऊ लागले आणि १९९३ ते २०११ या काळात थायरॉइड कॅन्सरचं निदान तब्बल १५ पटींनी वाढलं. त्या कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण मात्र जवळपास होतं तिथेच राहिलं. आधी सापडतच नसलेल्या निरुपद्रवी गाठी सापडू लागल्या होत्या. अशा प्रत्येक गाठीला पूर्ण रक्कम द्यायची म्हटली तर सगळ्यांचाच हप्ता आभाळाला भिडेल. म्हणून व्याख्या आवळल्या जातात. हे समजून घे, पण त्यामुळे वाचण्यात ढिलाई नको. आजाराची व्याख्या जुन्या वैद्यकावर बेतलेली असेल आणि तुझे उपचार नव्या वैद्यकाने झाले, तर मधल्या फटीत तू पडशील. बायपास यादीत आहे आणि अँजिओप्लास्टी नाही, हे त्याचंच उदाहरण.

तारखांचं थोडक्यात सांगते. पॉलिसी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस, बहुतेक ठिकाणी ९०, वेटिंग पिरियड असतो. त्यात निदान झालं तर काही नाही. लक्षणं त्या काळात सुरू झाली आणि निदान नंतर, यावर पुष्कळ भांडणं होतात. दुसरा सर्व्हायव्हल पिरियड. निदानानंतर माणूस १४ किंवा ३० दिवस, जसं लिहिलं असेल तसं, हयात राहायला हवा. त्याआधी गेला तर ही पॉलिसी रिकामी. अशा वेळी टर्म इन्शुरन्स उभा राहतो. आणि बऱ्याच पॉलिसी एकदा पैसे दिले की संपतात. कॅन्सरमधून उठलेल्याला नंतर नवी पॉलिसी मिळणं महाकठीण.

आता तुझा हिशेब. रकमा मला ठाऊक नाहीत, म्हणून तुझा पगार १०० धरते. सूनबाईचं उत्पन्नही साधारण तेवढंच, म्हणून तेही १००. घरखर्च, हप्ता, फी असं सगळं मिळून १५० धरू. आजारपणात वरचा खर्च महिन्याला २०, म्हणजे १७०. कामावर परतायला, तेही पूर्ण वेळ, दोन वर्षं लागतील असं मानू.

तू आजारी पडलास तर? समज, तुझी कंपनी पहिले सहा महिने भरपगारी रजा देते. तेव्हा तूट नाही, उलट ३० उरतात. पुढचे अठरा महिने सूनबाईचे १०० येतात आणि ७० कमी पडतात. झाले १२६०. सहा महिन्यांत उरलेले १८० वजा केले तर १०८०. ती आजारी पडली तर? तिचं काम स्वतःचं, क्लायंटवर चालणारं. भरपगारी रजा नावाची गोष्टच नाही. पहिल्या महिन्यापासून ७० ची तूट, चोवीस महिन्यांत १६८०. शिवाय तिच्यासोबत जायला तू बिनपगारी रजा घेशील ती वेगळीच. बाजूला टाकलेले ५०० असतील तर तुझ्या बाबतीत ५८० उरतात, तिच्या बाबतीत ११८०.

बघ, तू विचारलंस स्वतःसाठी. मला विचारशील तर आधी तिची पॉलिसी काढ. पुरुषाच्या नावावर विमा आणि बाईच्या नावावर दागिने, असा घराघरातला रिवाज मी फार पाहिला. ती कमावती नसती तरी मी हेच विचारायला लावलं असतं. ती अंथरुणाला खिळली तर मुलीला कोण बघणार, स्वयंपाकाला आणि सोबतीला माणूस लावायचा तर काय लागेल, आणि तू किती दिवस घरी राहणार? त्यालाही महिन्यांचा आकडा असतोच.

तुझ्यासाठी घ्यायची की नाही, हे मी तुमच्या शिल्लकीवर सोडते. खात्यात वर वापरलेल्या १७० च्या दराने दोन-अडीच वर्षं निभतील इतके सहज मोडता येणारे पैसे असतील, तर नको घेऊस. हप्त्याचे पैसे त्यातच टाकत जा. एकटा माणूस, अंगावर कर्ज नाही, कुणी अवलंबून नाही, नोकरीत भक्कम रजा, अशालाही मी आग्रह करणार नाही. तुझ्यावर घराचं कर्ज आहे आणि मुलगी लहान आहे, म्हणून माझं मन घेण्याकडे झुकतं. पण एजंट सांगेल तसं पाच वर्षांचं उत्पन्न वगैरे नको. तुटीचा आकडा काढ आणि तेवढंच घे. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत हे कव्हर आहे असं म्हणालास, ते मी हिशेबात धरलेलं नाही. नोकरी सुटली की ते सुटतं, आणि लांबलेल्या आजारात नोकरी टिकेलच असं कोण सांगणार?

रायडर, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर, घ्यायचा की वेगळी पॉलिसी, याचं उत्तर एका तपशिलात आहे. टर्म पॉलिसीला जोडलेला काही रायडर मूळ रकमेतूनच पैसे देतो. विमा १००० चा आणि रायडर ३०० चा असेल, तर आजारात ३०० मिळतात आणि मागे ७०० च उरतात. दुसरा प्रकार वरचे ३०० वेगळे देतो, १००० तसेच राहतात. पहिला स्वस्त का, हे आता कळलं असेल. तुझ्या टर्म पॉलिसीच्या कागदात कुठला आहे ते बघून ठेव. हप्ता मुदतभर तोच राहणार की काही वर्षांनी वयानुसार वाढत जाणार, हेही विचार. पंचेचाळिशीनंतर वाढणारे हप्ते लोकांना झेपत नाहीत आणि नेमक्या गरजेच्या वयात पॉलिसी सोडून देतात. कर्ज फिटेपर्यंत आणि मुलगी मार्गी लागेपर्यंतची मुदत पुरे, पंच्याऐंशी वर्षांपर्यंत कशाला?

प्रपोजल फॉर्म, म्हणजे पॉलिसीसाठीचा अर्ज, एजंटला भरू देऊ नकोस. तू स्वतः भर, सूनबाईचा तिने भरावा. आई-वडील आणि भावंडांना साठीच्या आत हृदयविकार, कॅन्सर, मधुमेह वगैरे झाला होता का, असा प्रश्न हमखास असतो. तिथे बाबांची बायपास लिहायची. ती त्यांच्या बावन्नाव्या वर्षी झाली. माझी शुगरही लिहायची. ‘हे कशाला लिहिता, हप्ता वाढेल’ असं एजंट म्हणेल. वाढू दे. क्लेम आला की कंपनी जुने कागद मागवते, आणि फॅमिली डॉक्टरांच्या एखाद्या चिठ्ठीवर ‘वडिलांना हृदयविकार’ असं लिहिलेलं निघालं की सगळी इमारत कोसळते. मागच्या वर्षी तुझं बीपी थोडं जास्त आलं होतं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं, तेही लिही. गोळी सुरू नसली तरी लिही.

एक गोष्ट मात्र या पॉलिसीत शोधूनही सापडणार नाही. माणसं दीर्घकाळ कामाबाहेर राहतात त्यामागे पाठीचं दुखणं, सांधे आणि मनाचे आजार ही मोठी कारणं असतात, आणि यातलं सहसा काहीच अशा यादीत नसतं. मणक्याच्या त्रासाने आठ महिने आडवा पडलेला माणूस या पॉलिसीच्या लेखी ठणठणीत. काम करता येत नाही एवढ्याच कारणावर दरमहा पैसे देणारा, उत्पन्नाचं संरक्षण करणारा वेगळा विमा असतो. तुम्हाला तो मिळत असेल तर दोन्हींचे हप्ते शेजारी ठेवून बघा. सूनबाईला दिवसदिवस खुर्चीत बसून काम, त्यामुळे तिच्यासाठी कदाचित तोच जास्त उपयोगाचा ठरेल. स्वतःचं काम करणाऱ्यांना तो देताना कंपन्या मागच्या वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागतात, तेव्हा तिचे हिशेब आधी नीट लावून ठेवा.

माहितीपत्रक मी ठेवून घेतलंय, त्याचा काही उपयोग नाही. दोन-तीन कंपन्यांकडून पूर्ण पॉलिसी वर्डिंग मागव. आजारांच्या व्याख्या आणि वगळलेल्या गोष्टी असलेली पानं मला पाठव, मी पेन्सिलने खुणा करून परत पाठवते. बाबांच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड कपाटात आहे. त्याचा फोटो काढून तुला धाडायला त्यांनाच सांगितलंय, कारण माझ्या फोनवर तो नेहमी धूसर येतो.

सूनबाईला आशीर्वाद, छकुलीला पापा.

तुझी
आई